चोर बार्सिलोनात, धास्ती नाशकात

पत्र थोडक्यात: लिहिणाऱ्या ताई ५९ वर्षांच्या, नाशिकच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. मुलगी जर्मनीत नोकरी करते. आई आणि मावशीला सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बार्सिलोना दाखवायचं तिनं ठरवलं आहे. व्हिसा आला, विमानाची तिकिटं झाली, राहायला एक फ्लॅट भाड्यानं घेतला. एवढ्यात सोसायटीतल्या एक शेजारीणबाई टूरबरोबर युरोप करून परतल्या आणि बार्सिलोनात पर्स गेल्याची हकिगत घेऊन आल्या. पर्समध्येच पासपोर्ट होता, त्यामुळे पुढची सहल सोडून दूतावासाच्या चकरा माराव्या लागल्या. तेव्हापासून ताईंच्या घरात दुसरा विषय नाही. यजमानांचं म्हणणं, जायचंच तर ग्रुप टूरनं जा. धाकटे दीर रोज एक व्हिडिओ पाठवतात; शेवटचा होता पर्यटकांवर पिचकाऱ्या मारणाऱ्या बार्सिलोनाकरांचा. शेजारणीचा सल्ला, 'जिप्सी बायका दिसल्या की रस्ता बदला.' मुलगी फोनवर चिडते, 'आई, मी आहे ना!' ताई लिहितात, 'मी ११ वर्षं ठाण्याहून व्हीटीला लोकलनं गेलेली बाई आहे, पाकीटमार मला नवीन नाहीत. तरी झोप लागत नाही. तिकिटं रद्द करू का? आणि मंगळसूत्राचं काय करू? ते काढलेलं सासूबाईंना चालणार नाही. खरं सांगू, चोरी झाली तर झाली, पण हे मला जन्मभर ऐकवतील.'

ताई,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, आणि तुम्ही ते अगदी जाता जाता लिहिलंय. चोराची भीती तुम्हाला आहेच, पण झोप उडवलीय ती 'तरी मी सांगत होतो' या वाक्यानं. ते अजून कुणी उच्चारलेलंही नाही. म्हणजे मला दोन बंदोबस्त सुचवायला हवेत, एक चोराचा आणि एक त्या वाक्याचा. तिकिटं रद्द करू नका, एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

आधी धोका नेमका कशाला आहे ते बघू. दिरांचे व्हिडिओ बघून वाटेल की बार्सिलोनात उतरलेल्या माणसाच्या जिवालाच घोर. तसं नाही. स्पेनमध्ये खुनाचं प्रमाण वर्षाला लाख लोकांमागे एकाहूनही कमी आहे. रात्री दहाला आजी-आजोबा नातवंडांना घेऊन जेवायला निघालेले दिसतात. तिथे धोका आहे तो खिशाला आणि पर्सला. तो मात्र खरा आहे, शेजारणीनं तिखटमीठ लावलेलं नाही. ला रांबला हा झाडांच्या सावलीतला लांबलचक रस्ता, साग्रादा फामिलिया या भल्यामोठ्या चर्चसमोरची गर्दी, प्लासा दे कातालुन्या हा चौक, बार्सेलोनेताचा किनारा, सांत्स स्टेशन आणि मेट्रो, या सगळ्या ठिकाणी हा धंदा राजरोस चालतो.

त्याला एक कायद्याचं कारण आहे. स्पेनच्या दंडसंहितेत ४०० युरोपर्यंतची, जबरदस्ती न करता केलेली चोरी हा किरकोळ गुन्हा आणि त्याची शिक्षा बहुतेकदा दंड. सकाळी पकडलेला गडी संध्याकाळी पुन्हा त्याच फलाटावर. पुन्हा पुन्हा चोरी करणाऱ्यांसाठी २०२२ मध्ये हा कायदा कडक केला खरा, पण फलाटावर उभं असताना तुम्हाला-मला त्याचा काय उपयोग! उलट एक बरं आहे. जबरदस्ती केली की गुन्हा मोठा होतो, म्हणून हे लोक अंगावर हात टाकायच्या भानगडीत सहसा पडत नाहीत. महागडी घड्याळं हिसकावणारी मंडळी वेगळी आणि दांडगी. मनगटावर लाखाचं घड्याळ मिरवणाऱ्या वाचकांनी ते कपाटात ठेवून जावं.

आता यजमानांच्या ग्रुप टूरकडे येऊ. तुमच्याच पत्रात आहे की शेजारणीची पर्स गेली तेव्हा त्या टूरबरोबरच होत्या. घरात इतकी चर्चा झाली, पण हे कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही! टूर म्हणजे चाळीस माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या, कानात गाइडचा आवाज, नजर साग्रादा फामिलियाच्या मनोऱ्यांवर आणि पाठीवरच्या सॅका रामभरोसे. चोराला आणखी काय हवं? मी टूरच्या विरोधात नाही. कुणाचा पासपोर्ट गेला, कुणाला रात्री छातीत दुखलं, तर आपल्या भाषेत बोलणारा आणि सोबत दवाखान्यात येणारा माणूस टूरमध्ये असतो, ही मोठी गोष्ट आहे. ज्यांना तिथे कुणीच नाही, इंग्रजी बोलायला जमत नाही किंवा गुडघे बोलतात, त्यांनी खुशाल टूरनं जावं. पण टूरचा उपयोग होतो तो चोरी झाल्यावर. चोरी होऊ नये म्हणून टूरवाले काही करू शकत नाहीत, आणि झाल्यावरच्या मदतीला तुमच्याकडे मुलगी आहे.

राहिला तुमचा लोकलचा अनुभव. तो कामाला येईल, पण थोडा फसवेलही. लोकलमध्ये तुम्ही रोजच्या वाटेनं ऑफिसला निघालेल्या असायच्या. पर्समध्ये पास, डबा आणि शंभराच्या दोन नोटा. कुठल्या स्टेशनला गर्दी कुठून घुसते हे पायांना माहीत. परदेशात पहिल्या दिवशी आपण फलाटावर नकाशा उघडून उभे असतो, पर्समध्ये सगळा संसार असतो आणि लक्ष मात्र पाटीवरच्या अक्षरांत. चोर हेरतात ते नेमकं असंच माणूस.

माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही दोघं रांबलावरच्या लिसेउ स्टेशनात हिरव्या लाइनच्या गाडीत चढत होतो. माझ्या पुढचा माणूस दारातच थबकला, काहीतरी विसरल्यासारखे खिसे चाचपू लागला. मागून दोघांचा रेटा आला. मला वाटलं, गर्दी आहे, दादरला याच्या दसपट असते. एवढ्यात आत बसलेली एक म्हातारी ओरडली, "कार्तेरिस्तास!" पाकीटमारांना तिथे हा शब्द आहे, पण मला तेव्हा तो कुठला कळायला! ते तिघं शांतपणे खाली उतरले, दार लागलं. खाली बघते तर पर्सची चेन वीतभर उघडी आणि रुमाल अर्धा बाहेर लोंबतोय. मला काहीही जाणवलं नव्हतं. मग आठवलं, त्यांच्यातल्या एकाच्या हातावर कोट होता. बाहेर ३२ अंश, अंगाला घामाच्या धारा, आणि याच्या हातावर घडी घातलेला लोकरी कोट! हात दिसू नये म्हणून. गेलं काय, तर माझं चष्म्याचं घर, आतल्या चष्म्यासकट. पाकीट समजून नेलं असणार. पुढचे चार दिवस नवऱ्यानं मला मेन्यू वाचून दाखवला.

तर ताई, दारात गाडीच्या तोंडाशी कुणी अडला आणि मागून रेटा आला, की पहिला हात पर्सवर. सरकत्या जिन्यावर पुढचा एकदम थांबला, तरी तेच. डब्यात दाराशी उभं राहू नका, आत सरका.

जिप्सी बायकांचं काय? मला हा सल्ला पटत नाही, आणि तो फसवाही आहे. ज्यांना जिप्सी म्हणतात त्या युरोपातल्या रोमा लोकांवर शतकानुशतकं हा शिक्का आहे आणि त्यातले बहुतेक आपापली कामं करून जगणारे लोक आहेत. आपल्याकडेही काही जमातींवर इंग्रजांनी असाच शिक्का मारला होता, तो पुसता पुसता अजून पुसलेला नाही. ते बाजूला ठेवलं तरी व्यवहारात काय होतं? तुम्ही घागरेवाल्या बाईकडे बघत राहता आणि पर्स उघडतो तो इस्त्रीच्या शर्टातला, गळ्यात कॅमेरा अडकवलेला, हातात तुमच्यासारखाच नकाशा घेतलेला माणूस. माझे तिघंही पर्यटकच वाटत होते. म्हणून चेहऱ्यावर नको, हालचालीवर नजर ठेवा. आपणहून कोण जवळ येतंय, कोण अडतंय, कोण तुमचं लक्ष दुसरीकडे वळवतंय.

लक्ष वळवायच्या युक्त्या ठरलेल्या आहेत. खांद्यावर पक्ष्याची घाण पडल्यासारखं काहीतरी उडतं आणि एक सज्जन टिश्यू घेऊन पुसायला धावतात. कुणी सहीसाठी फळ्यावर लावलेला कागद पुढे करतं. कुणी फुटबॉलपटूसारखं पाय अडकवून गमतीत नाचतं. रस्त्यावर तीन वाट्या आणि गोटीचा खेळ मांडलेला असतो. त्यात जिंकणारे सगळे त्यांचेच साथीदार. कुणी साध्या वेशातला 'पोलीस' पाकीट तपासायला मागतो. खरा पोलीस नोटा मोजायला मागत नाही. 'चला चौकीवर, तिथे दाखवते,' म्हणायचं, हिंदीत म्हटलंत तरी चालेल. हॉटेलात टेबलावर फोन ठेवलात तर त्यावर कागद ठेवून मदत मागणारा येतो आणि जाताना कागदासकट फोन घेऊन जातो. पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवायची नाही, मांडीवर घ्यायची.

गाडी भाड्यानं घेऊन फिरणाऱ्या वाचकांसाठी एक जादा. बार्सिलोना ते फ्रान्सची सरहद्द या महामार्गावर मागची गाडी 'तुमचं चाक पंक्चर आहे' अशा खुणा करते. थांबू नका. पेट्रोलपंपावर, माणसांच्या वर्दळीत जाऊनच उतरा आणि उतरताना गाडी कुलूपबंद करा.

हे सगळं पाठ केलंत तरी एखादा चोर तुमच्याहून सवाई निघू शकतो. म्हणून माझा भर दुसऱ्या गोष्टीवर आहे. माझी आजी पंढरपूरला जाताना पैसे तीन ठिकाणी ठेवायची. थोडे हातातल्या पिशवीत, थोडे कनवटीला आणि परतीच्या एसटीचे चोळीच्या आतल्या खिशात. पिशवी गेली तरी घरी पोचता आलं पाहिजे, एवढं तिचं गणित. तुमच्या शेजारणीची चूक पर्स जाण्यात नव्हती, पर्स कुणाचीही जाते. सगळं एकाच पर्समध्ये होतं, म्हणून एका चोरीत सहल बुडाली.

तेव्हा पासपोर्ट मुक्कामी, कुलपाच्या बॅगेत. अंगावर त्याची रंगीत प्रत, आणि पासपोर्ट व व्हिसा दोन्हींचे फोटो मुलीच्या आणि यजमानांच्या फोनमध्ये. स्पेनमध्ये पोलिसांनी ओळख विचारली तर पटवावी लागते आणि प्रतीवर अडून बसणारा एखादा भेटूही शकतो. भेटला तर मुक्कामी नेऊन मूळ पासपोर्ट दाखवायचा. ती गैरसोय मी पत्करते, पासपोर्ट घेऊन रांबलावर फिरण्याची जोखीम पत्करत नाही. ग्रानादा शहरात आलांब्रा राजवाडा बघायला जाणाऱ्यांना मात्र तो सोबत न्यावाच लागतो, तिथे तिकीट नावावर असतं.

पासपोर्ट गेलाच तर काय होतं, तेही माहीत असू द्या. माद्रिदला आपला दूतावास आहे. घाई असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण तो भारतात परत येण्यापुरता एकतर्फी कागद. त्यावर मुलीकडे जर्मनीत चार दिवस राहणं वगैरे विसरा. म्हणून पासपोर्टला इतकं जपायचं. पैसे परत कमावता येतात.

कार्डांचं तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही बँकेतल्या! तरी एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना चटकन लक्षात येत नाही. युरोपात ५० युरोपर्यंतचं पेमेंट कार्ड नुसतं टेकवून होतं, पिन लागत नाही. म्हणजे चोरलेलं कार्ड दहा मिनिटांत चार दुकानांत टेकवता येतं. निघण्याआधी अॅपमध्ये परदेशातल्या खर्चाला आणि टॅपला मर्यादा घालून ठेवा. दोघी बहिणींची मिळून चार कार्डं असतील तर दोन अंगावर, दोन मुक्कामी. रोख पन्नासेक युरोंच्या वर नको, कॉफीसुद्धा कार्डावर मिळते.

आणि फोन! सगळे पासपोर्टचं बोलतात, पण आजकाल घोळ होतो तो फोन गेल्यावर. तिकिटं त्यात, फ्लॅटचा पत्ता त्यात, बँकेचा ओटीपी त्यावर, आणि मुलीचा नंबर? पाठ आहे का तुम्हाला? मला माझ्या मुलाचा नाही. म्हणून एक जुना फोन चार्ज करून फ्लॅटवर ठेवा, तिकिटं तिघींच्याही फोनमध्ये ठेवा आणि महत्त्वाचे नंबर कागदावर लिहा.

या कागदावरून गाउदी आठवला. तुम्ही ज्याचं साग्रादा फामिलिया बघायला निघालात तो हा वास्तुकार ७ जून १९२६ ला बार्सिलोनाच्या रस्त्यावर ट्रामखाली आला. कपडे जुनेपुराणे, खिशात ओळखीचा कागद नाही. लोकांना भिकारी वाटला, गरिबांच्या इस्पितळात नेऊन ठेवला. ओळख पटेपर्यंत उशीर झाला होता आणि १० तारखेला तो गेला. ज्या शहराला त्यानं चेहरा दिला त्या शहरानं त्याला ओळखलं नाही. तुमच्या कागदावर तिघींची नावं, रक्तगट, नेहमीची औषधं, मुक्कामाचा पत्ता आणि मुलीचा नंबर हवा. आणि हो, तिथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे रस्त्यात पाय टाकताना आधी डावीकडे बघायचं. ६० वर्षांची सवय अशी जात नाही. सायकलींचे पट्टे तर दोन्हीकडून वाहत असतात. तुमच्या वयाला मला पाकीटमारापेक्षा या सायकलींची जास्त काळजी वाटते, पण त्यांचे व्हिडिओ कुणी पाठवत नाही.

मंगळसूत्राचं. गळ्यातलं हिसकावण्याचे प्रकार तिथेही होतात, आणि ओढलं तर मानेला इजा होते, खाली पडून हाड मोडतं. तेव्हा डोरलं आणि वाट्यांचं सोन्याचं घरी ठेवा, गळ्यात काळ्या मण्यांची साधी आखूड पोत घाला, वरून स्कार्फ. सासूबाईंना 'काढते' म्हणू नका. 'तुमच्याकडे सांभाळायला देते,' म्हणा आणि खरंच त्यांच्याच हाती द्या. यात फसवणूक नाही. सांभाळायला त्यांच्याहून भरवशाचं माणूस तरी कोण आहे?

फ्लॅटबद्दल मात्र मुलीला दोन प्रश्न विचारा. बार्सिलोनात पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या फ्लॅटला परवाना लागतो आणि त्याचा 'एचयूटीबी'नं सुरू होणारा क्रमांक जाहिरातीत असतो. तो आहे का? नसेल तर आजच दुसरं बघा. दुसरं म्हणजे फ्लॅटला रिसेप्शन नसतं. रात्री अकराला विमान उतरणार असेल तर किल्ली कोण देणार, लिफ्ट आहे का, हे आत्ताच ठरवा. तुम्ही माझ्या बहीण असतात तर मी पहिल्या दोन रात्री साधं हॉटेलच घ्यायला सांगितलं असतं. सामान हातात, डोळे थकलेले आणि पहिला दिवस, अशा वेळी माणूस चोराला सोपं सापडतं. म्हणून विमानतळावरून मेट्रोनं जायची काटकसर करू नका. बाहेर काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांची रांग असते, मीटरवर चालतात, रंग बघून मुंबईची आठवणही येईल. रांगेतलीच घ्या, आत येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' करणाऱ्याची नको.

पिचकाऱ्यांचा व्हिडिओ जुलै २०२४ च्या मोर्च्याचा आहे. पर्यटकांच्या फ्लॅटांमुळे घरभाडी परवडेनाशी झाली म्हणून लोक चिडलेत, आणि महापालिकेनं असे दहा हजारांवर परवाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत बंद करायचं जाहीर केलंय. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. जिन्यात मध्यरात्री बॅगांची चाकं खडखडवली तर आपल्यालाही आला असता. पण त्याला भ्यायचं? रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारणाऱ्या नाशिककरांनी? दिरांना माझा नमस्कार सांगा.

तारखांमुळे मला एक वेगळी गोष्ट सुचवायची आहे. २४ सप्टेंबरला तिथे ला मेर्सेचा उत्सव असतो, शहराच्या ग्रामदेवतेचाच म्हणा ना. तो अजिबात चुकवू नका. आपल्या दहीहंडीसारखे थर लावतात, आणि सगळं शहर माना वर करून बघत असतं. चोरांची दिवाळी! त्या दिवशी पर्स नेऊच नका. कुडत्याला शिंप्याकडून आतून खिसा शिवून घ्या, त्यात एक कार्ड आणि तो कागद. तिथेच कोरेफोक नावाचा प्रकार असतो. भुतांचे वेश केलेले लोक फिरते भुईनळे घेऊन ठिणग्या उडवत गर्दीतून धावतात. बघायला झकास, पण लांबून. सिंथेटिक ओढणी किंवा जॉर्जेटची साडी नेसून त्याच्या जवळ जाल तर भाजाल. सुती, पूर्ण बाह्यांचं घाला.

चोरी झालीच तर पाठलाग करू नका. तोंडानं ओरडा, माझ्या त्या म्हातारीसारखं. लोक धावून येतात. ११२ हा मदतीचा नंबर साऱ्या युरोपीय संघात चालतो. कार्डं बंद करा, मग पोलीस ठाणं. बार्सिलोना ज्या प्रांतात येतं त्या कातालोनियाचे पोलीस म्हणजे मोसोस द'एस्क्वाद्रा. त्यांचं ठाणं रांबलापासून निघणाऱ्या नोउ दे ला रांबला या रस्त्यावर आहे. तिथे तक्रार लिहून घ्यायची, तिला 'देनुन्सिया' म्हणतात. वस्तू परत मिळेल या आशेनं नाही, तर विम्याला आणि नव्या पासपोर्टला तो कागद लागतो म्हणून. विमा मात्र आत्ताच काढून वाचा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा जो विमा लागतो तो दवाखान्याचा. सामानाची चोरी आणि पासपोर्ट त्यात धरलेत की नाही, आणि किती तासांत तक्रार करायची, हे पॉलिसीत बघा.

आणि बावरायला झालं तर कुठल्याही दुकानात शिरा. एल रावाल या जुन्या वस्तीला रात्री उशिरा गल्ल्यांतून जाऊ नका असं मीही सांगेन, पण तिथली कितीतरी किराणा दुकानं पाकिस्तानी, बांगलादेशी आणि पंजाबी लोकांची आहेत. हिंदीत 'भाईसाब, मदद चाहिए' म्हणा. माझा चष्मा गेला त्या संध्याकाळी असल्याच एका दुकानदारानं चष्म्याचं दुकान कुठे आहे ते दाखवायला पोऱ्या सोबत दिला आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

मुलीशी जरा बोला. 'मी आहे ना' म्हणणारी तरुण मंडळी फोन जीन्सच्या मागच्या खिशात ठेवतात. किनाऱ्यावर तिघी एकदम पाण्यात जाणार नाही, एक जण सामानापाशी बसेल, आणि लाल निशाण असेल तर पाण्यात पाऊलही टाकायचं नाही, एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या. ती चिडते कारण तुमची भीती तिला तिच्यावरचा अविश्वास वाटतो. तिला काम द्या. कागदपत्रं तिच्याकडे, रस्ता तिच्याकडे. तुम्ही मागे राहून तिच्या पाठीवरच्या सॅकवर नजर ठेवा.

आता ते वाक्य. यजमानांनाही कामच द्या. बँकांचे मदत क्रमांक, पॉलिसीचा नंबर, कागदांच्या प्रती हे सगळं त्यांच्याकडे असू दे. रात्री नऊला तुमचा फोन येईल, आणि काही गेलं तर कार्डं बंद करायला नाशिकहून तेच फोन लावतील, असं ठरवून टाका. आणि शेजारणीची हकिगत ऐकून तुम्हाला काय वाटलं ते त्यांना मोकळेपणानं सांगा. म्हणावं, पर्स गेली तर मला आधी विचारा, 'तुम्ही तिघी ठीक आहात ना?' बाकीचं मी परत आल्यावर बोला, एकदाच, चहा घेताना. माझ्या नवऱ्यानं लिसेउ स्टेशनात पहिलं वाक्य उच्चारलं होतं, "तरी मी म्हणत होतो पर्स पुढे घे." चार दिवस मेन्यू वाचून दाखवल्यावर त्याचा तो सूर गेला.

जास्तीचा एक चष्मा तेवढा धाकट्या बहिणीच्या बॅगेत ठेवा.